किडनीतली सूज आणि हार्मोनचा रिसेप्टर: बाबांच्या नव्या गोळीबद्दल विचारायचंय

रंकाळ्याकाठची
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे, मधुमेहाला १४ वर्षं झाली. शुगर बऱ्यापैकी ताब्यात, बीपी गोळीवर १२८/७८. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. त्रास म्हणाल तर काहीच नाही. गेल्या महिन्यात तपासणीत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून प्रथिन किती गळतंय त्याचं माप, ४८० आलं; ३० च्या आत हवं. रक्तातलं क्रिएटिनिन १.४, ई-जीएफआर (किडनीची गाळण्याची गती) ५६, पोटॅशियम ४.४. टेल्मिसार्टन (बीपीची) आणि डापाग्लिफ्लोझिन (शुगरची) आधीपासून चालू आहेत. आता डॉक्टरांनी फिनेरेनोन १० मिलिग्रॅम ही नवी गोळी जोडली. म्हणाले, "किडनीतली सूज कमी करायला आहे, एका हार्मोनचा रिसेप्टर अडवते. चार आठवड्यांनी पोटॅशियम तपासून या." बाहेर रांग होती, आम्ही उठलो.

घरी आल्यावर बाबा पलंगावर बसले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि मला म्हणाले, "बघ, खड्डा पडतोय का? मग सूज कुठाय?" तीन दिवस झाले, गोळीचं पाकीट टीव्हीशेजारी तसंच पडून आहे.

हार्मोनचा आणि किडनीच्या सुजेचा संबंध काय? बीपी चांगलं असताना ही गोळी कशाला? बाबांना पटेल असं कुणी समजावून सांगेल का?

कांदालसूण
वाचतोय. आमच्या सासऱ्यांनाही हीच गोळी सांगितलीय, तेही घेत नाहीत.

उत्तरेश्वरचा_गडी
ताई, पाय सुजलं न्हाईत म्हंजे किडनी चांगली असं धरून चालू नका. आमच्या चुलत्यांचं पाय कधीच सुजलं न्हवतं. गुडघ्यासाठी दुकानातनं दुखण्याच्या गोळ्या आणून सहा म्हैनं खाल्ल्या, वर बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालूच. क्रिएटिनिन १.२ वरनं २.९. ॲडमिट करावं लागलं. दुकानदारानं एकदाबी विचारलं न्हाई, बाकीच्या गोळ्या कुठल्या चालू हायत म्हणून. बाबांना दुखण्याच्या गोळ्यांपासनं लांब ठेवा, एवढं आधी करा.

निवृत्त_मास्तर
धागाकर्तीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याची अर्धी गाठ आपल्या भाषेत आहे. आपण सगळ्यालाच 'सूज' म्हणतो. पायात पाणी साठलं तरी सूज, हिरडी लाल झाली तरी सूज. पहिल्याला वैद्यकातल्या मराठीत 'शोफ' म्हणतात, दुसऱ्याला 'दाह'. डॉक्टर बोलत होते ते दाहाबद्दल. तो आत, पेशींच्या पातळीवर चालतो. अंगठा दाबून तो सापडायचा नाही. बाबांना 'किडनीत दाह आहे' असं सांगून बघा, निम्मं भांडण मिटेल.

आता हार्मोन. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, अधिवृक्क. तिच्या बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन पाझरतं. त्याचं नेहमीचं काम म्हणजे किडनीच्या नलिकांना सांगणं: मीठ राखा, पोटॅशियम सोडा. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी, बासेलच्या रसायनतज्ज्ञांना सोबत घेऊन, १९५३ साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं. हार्मोन म्हणजे किल्ली, रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दाराचं कुलूप, आणि ही गोळी म्हणजे त्या कुलपात अडकवलेली काडी. दहावीच्या वर्गाला मी असंच शिकवलं.

शाहूपुरीकर_सुमन
मास्तर, शोफ आणि दाह हा फरक आज पहिल्यांदा कळला. धन्यवाद.

डॉ_मीरा
मूळची राजारामपुरीची, सध्या पुण्यात मूत्रपिंडविकार विभागात काम करते. मास्तरांनी सुरुवात छान करून दिलीय. फक्त कुलूप-किल्लीचं चित्र थोडं बदलते, कारण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या बदलातच आहे.

बाबा जी टेल्मिसार्टन घेतात, तिचा रिसेप्टर खरोखरच पेशीच्या दारावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर असतो. अँजिओटेन्सिनचा तो रिसेप्टर. अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर मात्र पेशीच्या आत असतो. गावातला कोतवाल डोळ्यांसमोर आणा. तो अंगणात बसलेला असतो. अल्डोस्टेरॉन आत येऊन त्याच्या हातात चिठ्ठी देतं. चिठ्ठी घेऊन कोतवाल स्वतः उठतो, कचेरीत म्हणजे पेशीच्या केंद्रकात जातो आणि दप्तर उघडायला लावतो. कुठलं दप्तर उघडायचं, हे तो कुठल्या गावात आहे त्यावर ठरतं.

नलिकेच्या पेशीत मिठाचं दप्तर उघडतं. पण हाच रिसेप्टर गाळणीच्या पेशींत आहे, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे, आणि भक्षक पेशींतही आहे, म्हणजे रक्तातून येऊन ऊतींत मुक्काम ठोकणाऱ्या पांढऱ्या पेशींत. तिथं तो प्रमाणाबाहेर चालू राहिला की दाहाची दप्तरं उघडतात: आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं, दाह भडकवणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६, आणि पुढं टीजीएफ-बीटा. हे शेवटचं व्रणाचं ऊतक बनवायला लावतं. भरलेल्या जखमेचा वण जसा कडक असतो, तसा गाळणीचा आणि नलिकांभोवतीचा भाग कडक होत जातो. तेवढी किडनी मग परत येत नाही. उंदरांच्या भक्षक पेशींतून एवढा एक रिसेप्टर काढून टाकला आणि मग किडनीला मुद्दाम दाह घडवला, तर इजा कमी झालेली दिसली आहे. तिथं मिठाचा हिशोब बदललेला नव्हता, फक्त भक्षक पेशींचा रिसेप्टर काढलेला होता.

म्हणून बीपी १२८/७८ असलं तरी ही गोळी देतात. बीपी ती दोन-तीन अंकांनीच उतरवते. तिचं खरं काम कोतवालाला अंगणातच बसवून ठेवणं.

रंकाळ्याकाठची
मीराताई, कोतवालाचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे आजोबा करवीर तालुक्यात कोतवाल होते! लगेच उठून बसले. पण विचारतात, कोतवालाला चिठ्ठी देणारं हार्मोनच कमी करता येत नाही का?

डॉ_मीरा
काकांना सांगा, प्रश्न एकदम बरोबर आहे. अडचण अशी की हा कोतवाल चिठ्ठी एकट्या अल्डोस्टेरॉनकडूनच घेत नाही.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, याच रिसेप्टरला तितक्याच सहज चिकटतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शंभरपटीहून जास्त असतं. नलिकेच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) राखणीला बसलेलं असतं, ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय करून टाकतं, म्हणून तिथं अल्डोस्टेरॉनला जागा मिळते. भक्षक पेशींत ही राखण जवळपास नसतेच. शिवाय वाढलेली साखर आणि जास्त मीठ पेशीच्या आतली काही प्रथिनं जागी करतात आणि हार्मोन न वाढताही रिसेप्टर चालू होतो. म्हणून हार्मोनच्या मागं लागण्यापेक्षा रिसेप्टर अडवणं जास्त कामाचं.

जाता जाता: ज्येष्ठमध नलिकेतल्या त्या राखणदार विकरालाच बंद पाडतं. खोकल्यासाठी एखादा तुकडा चघळला तर गोष्ट वेगळी. पण महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा काढा घेऊन बीपी चढलेले आणि पोटॅशियम घसरलेले रुग्ण मी स्वतः पाहिलेत. घरात काढे चालू असतील तर डॉक्टरांना नावानिशी सांगा.

पन्हाळ्याची_पायवाट
ज्येष्ठमध!! आईच्या डब्यात कायम असतं. आज संध्याकाळीच बघते.

निवृत्त_मास्तर
डॉक्टर, दुरुस्ती मनापासून मान्य. आता एक शंका. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही हार्मोनसारखंच औषध. आमच्या नातवाला चौथ्या वर्षी नेफ्रॉटिक सिंड्रोम (किडनीतून प्रथिन गळायचा आजार) झाला, चेहरा फुगला, लघवीला फेस यायचा. प्रेडनिसोलोन सुरू केल्यावर दोन आठवड्यांत लघवी स्वच्छ. म्हणजे एक हार्मोन किडनीचा दाह विझवतं आणि दुसरं भडकवतं?

डॉ_मीरा
होय मास्तर, अगदी असंच. नातू बरा झाला हे वाचून आनंद झाला. प्रेडनिसोलोनचा रिसेप्टर आणि अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर एकाच कुळातले. पहिल्याचं जनुक १९८५ साली हाती लागलं, दुसऱ्याचं १९८७ साली, आणि रचनेत इतकं साम्य निघालं की भावंडंच म्हणावीत. दोघंही पेशीच्या आत असतात, दोघंही केंद्रकात जातात. पण प्रेडनिसोलोनचा रिसेप्टर आत गेला की दाहाचा मुख्य कारभारी, एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन, त्याला दाबून धरतो. अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर त्याच कारभाऱ्याला बळ देतो.

निवृत्त_मास्तर
म्हणजे करवीरची गादी आणि साताऱ्याची गादी. घराणं एक, रक्त एक, कारभार वेगळा. फरक इतकाच की त्यांचा १७३१ साली वारणेचा तह झाला, या दोघांचा तह कुणीतरी बाहेरून घडवावा लागतो.

कांदालसूण
मास्तर __/\__

पण मला पटत नाहीये ते सांगतो. सासऱ्यांच्या आधीच सात गोळ्या आहेत. या फिनेरेनोनचा शोधनिबंध मुलीनं काढून दिला, २०२० सालचा. सुमारे ५,७०० रुग्ण, सगळे मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले. धोका १८ टक्क्यांनी कमी झाला म्हणतात. पण आतले आकडे बघा: गोळी न घेणाऱ्यांत २१.१ टक्के लोकांची किडनी बिघडली, घेणाऱ्यांत १७.८. शंभरात तीन माणसं वाचली. तिघांसाठी शंभरांनी रोज गोळी खायची आणि पोटॅशियमची धास्ती घ्यायची?

डॉ_मीरा
आकडे तुम्ही बरोबर वाचलेत. तो हिशोब साधारण अडीच वर्षांचा आहे, आणि सगळे रुग्ण टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आधीपासून घेत होते. 'किडनी बिघडली' म्हणजे किडनी निकामी होणं, काम ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं घटणं, किंवा किडनीमुळे मृत्यू. बाबांसारख्या माणसापुढं वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि कडक झालेलं ऊतक मागं फिरत नाही. या हिशोबावर मी रुग्णांना गोळी सांगते. तरी तुमची तक्रार रास्त आहे. गोळ्यांचा भार हा खराच भार असतो. सात गोळ्यांची यादी घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसा. त्यातली एखादी कमीही होईल.

पहिली_एसटी
मी इथं फक्त वाचणारी. आज लिहिते.

आई चार वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. गारगोटीहून पहाटेची पहिली एसटी, मांडीवर डबा, आईच्या अंगावर माझी शाल. तिच्या डाव्या हाताला फिस्टुला केला होता, शीर आणि धमनी जोडलेली. त्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागायची, मांजर मांडीवर झोपल्यावर लागते तशी. रोज रात्री ती माझं बोट धरून तिथं ठेवायची आणि विचारायची, "चालू आहे ना?" मी हो म्हणायचे, मगच ती झोपायची.

तिची लघवीची तपासणी दहा वर्षांत कुणी केली नव्हती. शुगर तेवढी बघायचे. कांदालसूण, तुमचं गणित चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या शंभरातल्या तिघांपैकी एकीचा हात मी चार वर्षं धरून बसले होते. सासऱ्यांना एवढं सांगा.

कांदालसूण
ताई, सांगतो. आजच.

शाहूपुरीकर_सुमन
:(

गुऱ्हाळघर
पोटॅशियमचा विषय निघालाय म्हणून. आमचं गुऱ्हाळ हाय, पाव्हणा आला की काकवी देतो. एक पाव्हणा म्हणला, डॉक्टरनं पोटॅशियम वाढलंय म्हणून काकवी बंद केली. मला ते खरं वाटलं न्हवतं. साखरेपेक्षा गूळ-काकवी चांगली, असंच आपण ऐकत आलोय. डॉक्टर, खरं काय?

डॉ_मीरा
दादा, दोन्ही खरं. उसाच्या रसातलं पोटॅशियम गुळात आणि त्याहून जास्त काकवीत उतरतं, पांढऱ्या साखरेत ते जवळपास राहत नाही. निरोगी माणसाला त्यानं काही होत नाही. पण अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर अडवला की नलिका पोटॅशियम सोडायचं काम मंद करतात. रिसेप्टर एकच असल्यामुळं दाह कमी होणं आणि पोटॅशियम वाढणं या दोन्ही गोष्टी बरोबरच येतात. तुमच्या पाव्हण्यांना योग्यच सांगितलंय.

इतिहासातला एक धडा सांगते. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोन या याच वर्गातल्या जुन्या गोळीनं हृदय कमजोर असलेल्या रुग्णांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे सिद्ध झालं. सगळीकडे ती भराभर लिहिली जाऊ लागली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मग मोजलं, तर अशा रुग्णांत पोटॅशियम वाढून दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेलेलं. गोळी चांगलीच होती, तपासणी मागं पडली.

आणि कृपा करून हे सगळ्यांना सांगा: 'लो सोडियम' मीठ या रुग्णांनी घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. घरचे काळजीपोटी आणतात आणि तेच घात करतं.

पन्हाळ्याची_पायवाट
मीठ कमी करायचं तर कोल्हापुरात जेवायचं काय, हा आमच्या घरातला रोजचा तंटा. तांबड्या रश्श्याला मीठ कमी पडलं की आमचे हे ताट सरकवतात.

डॉ_मीरा
तंटा चालू ठेवा, पण हे ऐका. उंदरांना अल्डोस्टेरॉन आणि सोबत भरपूर मीठ दिलं की किडनीच्या रक्तवाहिन्यांभोवती दाह उठतो. तेवढंच अल्डोस्टेरॉन पण मीठ अगदी कमी, तर इजा फारच थोडी. म्हणजे दाहाला हार्मोनसोबत मीठही लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. माझी आई रश्श्यात मीठ निम्मं घालते आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण व लिंबू जरा वाढवते. घरातल्यांची ओरड पंधरा दिवसांत थांबली. रश्श्यापेक्षा पापड, लोणचं, फरसाण, सुकट यांच्यातलं मीठ आधी मोजा.

उत्तरेश्वरचा_गडी
मास्तरांनी स्टिरॉइड म्हणल्यावर आठवलं. तालमीत काही पोरं 'स्टिरॉइड' म्हणून इंजेक्शनं घेत्यात, म्हणत्यात डॉक्टरबी देत्यातच की. ती एकच का ही?

डॉ_मीरा
भावा, अजिबात एक नाही. तालमीतली ती पुरुषी हार्मोनच्या नकला असतात, त्यांचा रिसेप्टर वेगळा. २००९ साली अमेरिकेत अशा दहा शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास छापून आला होता. वर्षानुवर्षं ती इंजेक्शनं घेऊन त्यातल्या नऊ जणांच्या गाळण्यांवर व्रण पडलेले, लघवीतून प्रथिनं जात होती. पोरांना हे सांग. शब्द एकच असल्यामुळं फसतात.

शाहूपुरीकर_सुमन
डॉक्टर, स्पायरोनोलॅक्टोन तर स्वस्त आहे. मग तीच का नको? शिवाय माझं वाचन असं की ड जीवनसत्त्वाचाही रिसेप्टर किडनीत असतो, मग ते घेतलं तर दाह कमी व्हायला हवा.

डॉ_मीरा
स्पायरोनोलॅक्टोन अजूनही उपयोगी आहे, पण ती पुरुषी हार्मोनच्या आणि प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरलाही चिकटते. १९९९ च्या त्या अभ्यासात दहा टक्के पुरुषांच्या छाती सुजल्या किंवा दुखल्या. फिनेरेनोनची रचना स्टिरॉइडची नाही, ती बाकीच्या भावंडांना फारशी हात लावत नाही. आणि किडनीसाठी मोठ्या अभ्यासांचा आधार तिच्याच मागं आहे.

ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर किडनीत आहे, प्राण्यांत तो दाह दाबतोही. पण २०१९ साली मधुमेही रुग्णांना पाच वर्षं देऊन पाहिलं तेव्हा किडनीची घसरण थांबली नाही. कमतरता असेल तर जरूर घ्या, किडनीचं औषध म्हणून नको. उलट जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधानं २०२४ मध्ये ३,५३३ रुग्णांत किडनीचे मोठे बिघाड आणि हृदयाचे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी केले. प्रयोगशाळेत शोभणारा प्रत्येक रिसेप्टर माणसात उपयोगी पडतोच असं नाही.

रंकाळ्याकाठची
पाच आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

बाबांनी 'पहिली एसटी' ताईंचा प्रतिसाद मला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी स्वतः पाकीट फोडलं. काल रिपोर्ट आले: अल्ब्युमिन गुणोत्तर ४८० वरून ३१०. क्रिएटिनिन १.५. पोटॅशियम मात्र ४.४ वरून ४.९. खोदून विचारल्यावर कळलं, फेरी संपली की रंकाळ्यावर रोज एक शहाळं चालू होतं. "नैसर्गिक आहे" म्हणून. शिवाय आईनं काळजीपोटी लो सोडियम मिठाचा पुडा आणून ठेवला होता. तो परत केला, शहाळंही बंद केलं.

डॉ_मीरा
३१० वाचून फार बरं वाटलं. क्रिएटिनिन सुरुवातीला एवढं हलतं, गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते, त्यावरून गोळी बंद करू नका. पोटॅशियम ४.८ पर्यंत असतं तर डॉक्टरांनी डोस वाढवला असता. ४.९ ला १० मिलिग्रॅमच चालू ठेवतात, ५.५ च्या वर गेलं तर थांबवतात. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, ते बंद केलंत हे बरं, आता पुन्हा तपासा. आणि बुरशीवरची इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर आधी ही गोळी चालू असल्याचं सांगा, त्यांच्यामुळं फिनेरेनोन रक्तात साठते.

कांदालसूण
सासरे सोमवारपासून घेतायत. सातातल्या दोन गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या.

रंकाळ्याकाठची
अजून एक. बाबांनी फेरीच्या कट्ट्यावर कोतवालाची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि तिघा काकांनी लघवीची तपासणी करून घेतली. एकाचं गुणोत्तर ४२ आलंय, ते घाबरलेत. काय सांगू त्यांना?

डॉ_मीरा
३० च्या वर आहे, म्हणजे दुर्लक्ष नको. पण एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यानंही वाढतं. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यायला सांगा, तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा. दोनदा ३० च्या वर आलं तर डॉक्टरांकडे जायचं. तोवर बीपी आणि शुगर लिहून ठेवा म्हणावं.